तीन देश, एक पायवाट

नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड यांच्या अगदी उत्तरेकडून एक पायवाट जाते. नॉर्वेतील कौतोकेइनोपासून स्वीडनमधील क्विक्यॉकपर्यंत, सुमारे ८०० किलोमीटर. १९९३ साली ती खुली झाली. पाठीवर तंबू आणि शिधा घेऊन काहीजण ती एकट्याने चालतात.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. कचेरीतून आल्यावर नकाशा पसरला आणि बोटानेच ही वाट चाललो.

भर उन्हाळ्यात तेथे मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही. खुरटी बर्चची झाडे संपली की नुसते दगड, दलदल आणि ओढे. घराशेतांपासून दूर, मोकळ्या रानात कोणीही चालावे, रात्रीपुरता तंबू ठोकावा, हा तिथल्या प्रत्येकाचा हक्क आहे. जमीन कोणाची, तू कोण, असे कोणी विचारत नाही.

वाट देशांच्या सीमा १५ वेळा ओलांडते. प्रवासी सहज पलीकडे जातो. पण ज्यांची ही मूळ भूमी, त्या सामी लोकांचे काय? रेनडिअरच्या कळपांमागे ते पिढ्यान्‌पिढ्या येथे फिरत. १७५१ च्या तहाने त्यांचा सीमापार जाण्याचा हक्क मान्य केला होता. १८५२ मध्ये नॉर्वे-फिनलंड सीमा त्यांच्या कळपांना बंद झाली. नॉर्वेच्या शाळांत त्यांच्या मुलांची भाषा दाबली गेली. सामी संघटित झाले, लढले. १९८९ मध्ये नॉर्वेत त्यांची निवडून आलेली सामी संसद सुरू झाली.

एकट्याने चालणाऱ्याचे धाडस मोठेच. पण वाट कोणाच्या भूमीतून जाते, हेही त्याने विचारावे, असे नकाशाची घडी घालताना आम्हांस वाटले.