बांधावरचा खजिना

साठी उलटलेल्या माणसाने माळावरचे दगड उचलून त्यांच्याखाली डोकावत हिंडावे, हे काही शोभण्यासारखे नव्हे. त्यातून आमच्या बीडकडे असल्या माणसाविषयी लोकांचा एकच तर्क होतो. शेळ्या वळणाऱ्या एका पोराने तो बोलूनही दाखवला : "काय गुरुजी, गुप्तधन का?"

हा नाद मला लावला पुण्यास नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याने. दिवाळीला तो आला तोच ‘जिओकॅशिंग’ असा जिभेला न वळणारा शब्द घेऊन. खेळ मात्र सोपा. कोणी एकाने डबा लपवावा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करावेत. इतरांनी तो हुडकावा, आतल्या वहीत नाव व तारीख लिहावी आणि डबा होता तसा ठेवून परतावे. आतली वस्तू उचललीच, तर तिच्या तोलाची दुसरी ठेवावी. डबा पुरायचा नाही आणि जमीनमालकाच्या परवानगीवाचून लपवायचा नाही. म्हणजे कुदळीला कामच नाही!

या खेळाचा जन्मही मोठा मौजेचा आहे. उपग्रहांच्या इशाऱ्यांत अमेरिकन सरकार पूर्वी लष्करी धोरणाने मुद्दाम चूक मिसळीत असे. सामान्यांच्या यंत्राला शंभर मीटरांपर्यंत चकवा बसे. २ मे २००० रोजी ही भेसळ थांबली, आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहराजवळच्या रानात एक बादली लपवून तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर जाहीर केला. तीन दिवसांत दोघांनी ती शोधून काढली. बंधन उठताच माणसाला सुचले काय, तर लपंडाव! मला हा मनुष्यस्वभाव फार आवडला.

माझ्यासाठी पुतण्याने स्वतःच एक डबा लपवला आणि हाती आकडे दिले : १८ अंश उत्तर, ७५ अंश पूर्व आणि पुढे मिनिटांची व दशांशांची लांबलचक शेपटी. सारे मर्म त्या शेपटीत. अक्षांशाच्या एका मिनिटात सुमारे १,८५० मीटर मावतात. त्याचा हजारावा हिस्सा म्हणजे जेमतेम दोन-तीन पावले.

"माळावर रेंज नसते," मी कुरकुरलो.

"काका, उपग्रहाला रेंज लागत नाही. नकाशा तेवढा घरूनच उतरवून न्या." तरीही माझा मोबाइलवर भरवसा नाही हे ओळखून त्याने एक चिठ्ठीही दिली, तीत देवळापासूनच्या दिशा, पावलांची मोजदाद आणि शेवटी एक कोडे.

पावले मोजताना शंभरानंतर माझी गफलत झाली. तेव्हा निमूटपणे मोबाइल काढला. त्यातला बाण नाकासमोर वाट दाखवतो. काटेरी कुंपण, ओढा, भावकी, त्याला काही कळत नाही. खजाना बावडी मागे पडली. निजामशाहीच्या काळातल्या या विहिरीचे नाव खजाना आणि आत पाणी. आमच्या दुष्काळी मुलखात हे नाव कोणाला खटकत नाही. पुढे बाण डावीकडे वळला आणि माझी पावले जड झाली.

तिकडे आमची वडिलार्जित जमीन. वडिलांच्या पश्चात वाटणी झाली आणि बांधाच्या दीड हातावरून दादाचे व माझे बोलणे बंद पडले. माझा तुकडा मी बटईने दिला. अकरा वर्षे त्या बांधावर पाय ठेवला नव्हता.

यंत्र पाच-सहा मीटरांवर आणून सोडते; पुढचे काम डोळ्यांचे. चिठ्ठीतले कोडे वाचले : ‘दोघांचा आणि कोणाचाच नाही.’ पुतण्याचा राग आला. तरीही परत फिरलो नाही. मोजणीचे दगड पाहिले, शेळ्यांच्या पोराकडून हसून घेतले, आणि अखेर बांधावरच्या लिंबाच्या ढोलीत हात घातला.

घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. आत एक गोटी, पेन्सिल आणि वही. वहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते : ‘येथे डबा ठेवण्यास जमीनमालकांची परवानगी आहे.’ खाली दादाची सही. वडिलांनी आम्हा दोघांना एकाच पाटीवर गिरवायला लावलेले तेच वळण, आता जरा थरथरते. तिच्या शेजारी दुसऱ्या मालकाच्या सहीपुरती जागा कोरी ठेवली होती.

पेन्सिलीचे टोक मोडलेले होते. मी त्या पोराकडून कोयता मागून घेतला आणि लिंबाखाली बसून टोक काढू लागलो.