नाथसागराच्या काठाने एक फेरी

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. नकाशात पाहिले तर कोकण कितीतरी लांब, सह्याद्रीच्या पलीकडे. तरीपण आपल्या जिल्ह्याला किनारा आहे असे मी म्हटले, तर तुम्ही हसाल. पण नेवासे आणि शेवगाव तालुक्यांच्या कडेला नाथसागर आहे ना! पैठणच्या धरणामुळे गोदावरीचे पाणी मागे इतके पसरले आहे, की काही ठिकाणी पलीकडचा काठच दिसत नाही. वारा सुटला की लाटासुद्धा येतात.

या धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ साली झाली आणि उद्घाटन इंदिरा गांधी यांच्या हस्ते १९७६ साली झाले. धरण जवळजवळ १० किलोमीटर लांब असून त्याला २७ दरवाजे आहेत. धरण पैठणला, मग नाव जायकवाडी कसे? आधी ते बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावापाशी व्हायचे होते. जागा बदलली, पण नाव तेच राहिले. जलाशयाला मात्र पैठणच्या संत एकनाथांवरून नाथसागर म्हणतात.

हा जलाशय पसरट आहे. पुष्कळ ठिकाणी पाणी उथळ, मध्ये लहान लहान बेटे, काठाला गाळ. गाळात किडे, पाण्यात मासे आणि शेवाळ. पक्ष्यांना आणखी काय पाहिजे? म्हणून हळूहळू हजारो पक्षी येऊ लागले. १९८६ साली सरकारने येथे पक्षी अभयारण्य जाहीर केले. ते सुमारे ३४१ चौरस किलोमीटर आहे. त्याचा काही भाग आपल्या जिल्ह्यात आहे व काही छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात.

जानेवारीतल्या एका रविवारी मी, आई आणि माझे आजोबा प्रवरासंगमला गेलो. आजोबांना आम्ही तात्या म्हणतो. येथे आपली प्रवरा गोदावरीला मिळते. टोके येथे संगमावर सिद्धेश्वराचे दगडी मंदिर आहे. ते पेशवाईच्या काळातले आहे. दगडावरचे कोरीव काम बघत राहावे असे आहे. आम्ही दर्शन घेतले आणि तेथूनच फेरीला निघालो. आधी घाट, मग पाण्याच्या कडेकडेने पायवाट, पुढे शेताचे बांध, मग गाडीवाट आणि परत मंदिर. चढ नाही की उतार नाही. तात्यांचे गुडघे दुखतात, तरी थांबत थांबत अडीच तासांत फेरी पुरी झाली.

घाटापासून थोडे पुढे गेल्याबरोबर टिटवी ओरडली. तात्या म्हणाले, "ही पाटलीण हाय इथली. आल्यागेल्याची वर्दी देती." उथळ पाण्यात लाल पायांचे शेकाटे चालत होते, जणू काठ्यांवर उभे राहिलेत. चमच्या पक्षी आपली चपटी चोच पाण्यात इकडून तिकडे फिरवत होता. पाणकावळा खुंटावर पंख पसरून वाळत घालत होता. लांब पाण्यावर नारिंगी रंगाची जोडी दिसली. ते चक्रवाक. मी घरी येऊन शाळेच्या वाचनालयातल्या मारुती चितमपल्ली यांच्या 'पक्षीकोश' या ग्रंथात नावे पडताळून पाहिली.

बांधावर आलो तेव्हा मोठी गंमत दिसली. पाणी मागे सरकले की उघड्या पडलेल्या जमिनीत शेतकरी पेरणी करतात, तिला गाळपेर म्हणतात. एका हरभऱ्याच्या तुकड्यात करड्या रंगाचे मोठे हंस चरत होते. डोक्यावर दोन काळे पट्टे. हे पट्टकादंब! हे हिमालय ओलांडून येतात. शेतकरीमामा डबा बडवत धावले आणि सगळा थवा कालवा करत उडाला. मला आनंद झाला, पण मामांचा हरभरा पाहून वाईटही वाटले. पाला पार खुडला होता.

मामा तात्यांना म्हणाले, "बगा बाबा, ही पाहुणी मंडळी. कुठली कोण, आन् खात्यात आमचं."

तात्या बराच वेळ उडालेल्या थव्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमी बी असंच दुसऱ्याच्या शिवारात येऊन उतरलो व्हतो. आमाला बी लोक असंच म्हनायचे."

तात्यांचे गाव इथून खाली, पाण्याच्या पोटात आहे. पाणी आले तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. बैलगाडीत भांडी, जाते, कणगी आणि शेळ्या घालून ते निघाले. अशी शंभराहून जास्त गावे उठली. तात्या त्याविषयी घरी कधी बोलत नाहीत. मी विचारले, "तात्या, हे पक्षी परत कधी जातात?"

"उन्हाळा लागला की. त्यांचं गाव जागंवर हाय."

आई माझ्याकडे बघून हळूच "गप" म्हणाली. पण त्यानंतर तात्या आपणहून बोलू लागले. गावची नदी, मारुतीचा पार, टरबुजांच्या वाड्या, शाळा भरायची तो वाडा. गाडीवाटेने परत येईपर्यंत त्यांनी पाण्याखाली गेलेल्या अकरा गावांची नावे सांगितली. माझ्या वहीच्या पुढच्या पानावर पक्ष्यांची नावे होती. मी गावांची नावे मागच्या पानावर लिहून घेतली.

मित्रमैत्रिणींनो, तुम्हीही ही फेरी जरूर करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. सकाळी लवकर जावे. भडक कपडे घालू नयेत, आरडाओरडा करू नये, गलोल तर नेऊच नये. पिशव्या व कागद टाकू नयेत. काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो, पण आत पाय रुततो, म्हणून मोठ्या माणसाशिवाय पाण्याजवळ जाऊ नये. आणि घरात जुन्या गावची आजी किंवा आजोबा असतील तर त्यांना बरोबर न्या. वाट सपाट आहे.

भित्तिपत्रक वाचायला आलेल्या पालकांना एक विनंती. अकरा गावांची नावे या लेखाच्या शेजारी चिकटवली आहेत. खाली जागा मोकळी ठेवली आहे. तुम्हाला ठाऊक असलेले नाव त्यात लिहा. पेन्सिल खिळ्याला बांधली आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी