डोळा भावाच्या वाडीवर

वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाडी म्हणजे केळी, नारळ, पानवेली आणि शिंपण्यापुरती विहीर किंवा बावखल. आमच्या धर्मग्रामातल्या अशाच एका वाडीची दोन भावांत वाटणी झाली, तेव्हा कागद मीच वाचून दिले होते. महसूल खात्यात नोकरी झाल्यामुळे निवृत्तीनंतरही लोक सातबारा घेऊन माझ्या ओट्यावर येतात. गुंठे सारखे, विहीर सामाईक. जुने नारळ उलट धाकट्याकडेच जास्त गेले. दोघांनी हसत सह्या केल्या.

पुढे थोरल्याच्या कुंपणालगतचा रस्ता रुंद झाला. जमीन तेवढीच, भाव मात्र कुठच्या कुठे गेला. तेव्हापासून धाकट्याला स्वतःची वाडी दिसेनाशी झाली. माझ्याकडे यायचा तोही भावाचाच उतारा घेऊन. ‘काका, यात काही खोट निघते का बघा ना.’

खोट नव्हती. तरी फेरमोजणी, हरकत, मग दिवाणी दावा. तारखेच्या दिवशी शिंपणं राहायचं. पानवेलीला पाण्याचा खाडा चालत नाही. पानं पिवळी पडली, वेली मांडवावरच वाळल्या. वकिलाच्या फीसाठी शेवटी त्याने स्वतःच्याच हिश्श्यातला एक तुकडा विकला.

जूनमधल्या रोजच्या सकाळच्या मिस्सेत नाबोथाची हकिगत वाचली गेली. अहाब राजाला राजवाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा होता. बदल्यात याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत घे, म्हणाला. वाडवडिलांची जमीन नाबोथ देईना. राजा तोंड फिरवून पलंगावर पडून राहिला, जेवेना. पुढे ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे करून नाबोथाला दगडमाराने मारवलं, तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला मात्र तो पलंग खटकतो. तिथवर गुन्हा कुठलाच घडलेला नव्हता, मोबदलाही वाजवी होता. तरीही एवढ्या राज्याच्या धन्याला घास गिळवत नव्हता.

चोरीची मनाई सातव्या आज्ञेत आहेच. मग दहावीत शेजाऱ्याच्या मालमत्तेचा लोभही नको, हे वेगळं कशाला? (ही आमची कॅथलिक मोजणी, बरेच प्रोटेस्टंट बांधव क्रमांक वेगळे लावतात.) माझ्या मते एवढ्याचसाठी, की चोरीचा पंचनामा होतो, लोभाचा होत नाही. लूकच्या शुभवर्तमानात एक जण वतनाचा वाटा भावाकडून मिळवून द्या म्हणत येशूकडे येतो. येशू त्या भावांची वाटणी करून द्यायला साफ नकार देतो आणि मोठी कोठारं बांधू पाहणाऱ्या श्रीमंताचा दाखला सांगतो. धाकट्याला मी तो भाग वाचून दाखवला. ‘देवळात हे ठीक आहे हो, काका,’ म्हणाला.

अर्थात, बहिणीने कायदेशीर वाटा मागितला की तिलाच लोभाचं प्रवचन ऐकवणारे भाऊही मी पाहिलेत. तो शुद्ध ढोंगीपणा. हक्क मागणं वेगळं, दुसऱ्याचं आहे म्हणून झुरणं वेगळं.

दावा अजून चालू आहे. आपापले सातबारे घेऊन या, चहा पीत वाचून देईन. भावाचा उतारा मात्र खोट काढायला माझ्या ओट्यावर आणू नका.