घडियालाचें गोत्र

सन १९९५ सालीं आम्ही नांदेडास शास्त्र हा विषय शिकवीत होतों. सहामाहीच्या पेपरांत मगरकुळाची वंशावळ विचारली होती. लातूर जिल्ह्यांतील मांजरेकांठच्या एका गांवाहून आलेल्या विद्यार्थ्यानें गंगा-चंबळेंतील घडियाल आणि मलाया-सुमात्रांतील टोमिस्टोमा यांस सख्खीं भावंडें दाखविलें. कारण दिलें, "दोघांचींहि तोंडें लांब व निमुळतीं." आम्हीं तांबडी फुली मारिली, वर भर वर्गांत म्हटलें, "रूपावरून गोत्र ठरूं लागलें, तर वटवाघूळहि पक्षी ठरेल!" वर्ग हंसला. तो मान खालीं घालून बसला.

हाडें व जीवाश्म तपासणारे बहुतेक पंडित त्या काळीं आमच्याच बाजूचे होते. घडियाल सर्वांहून निराळा, आणि टोमिस्टोमा मगरीचा आप्त, असें त्यांचें मत. 'खोटा घडियाल' हें त्याचें लोकप्रिय नांवहि त्या मतास साजेसेंच. मासे धरण्यास लांब तोंड सोयीचें. तें निरनिराळ्या कुळांत स्वतंत्रपणें उपजूं शकतें.

रक्तांतील प्रथिनें व केवळ मातेकडून येणारीं जनुकें मात्र उलट साक्ष देत होतीं. पुढें सन २००३ मध्यें जॉन हार्शमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पेशीकेंद्रांतील सी-मिक हें जनुक निरनिराळ्या जातींत वाचून ताडून पाहिलें. केंद्रांतील जनुकें मातापिता उभयतांकडून येतात, म्हणून ही साक्ष निराळी. विद्यार्थिमित्रहो, जुन्या पोथ्यांच्या नकला आठवा. दोन नकलांत तेच तेच लेखनदोष आढळले, तर त्या एकाच प्रतीवरून उतरल्या असें आपण समजतों. तसेच सामाईक फेरफार या दोघांच्या जनुकांत निघाले. तीं दोघें परस्परांचीं सर्वांत जवळचीं. आपल्या कृष्णेंतील मगर त्यांची चुलत बहीण!

हें आमच्या वाचनांत आलें सन २००९ सालीं. तो विद्यार्थी तेव्हां लातुरास शिक्षक झाला होता. पत्र लिहावें असें प्रथम वाटलें. पण फुली समक्ष मारिली होती. आम्ही गेलों, सर्व सांगितलें आणि क्षमा मागितली.

तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "गुरुजी, पण कारण माझेंहि चुकलेंच होतें."

तें खरेंच होतें. आफ्रिकेंतहि एक लांबतोंडी मगर आहे, आणि ती या दोघांची सख्खी नव्हे. तरी आम्हीं त्याचा एक गुण परत देऊं केला. त्यानें अर्धाच घेतला.