चार हिट पॉइंट्स

तर झालं असं, की वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, भर दुपारी, वाचनालयाच्या आवारातल्या एका खोलीत एका भुरट्या मारेकऱ्याने मला सुरी खुपसली आणि मी मेले.

कॉम्प्युटरवर हो! नाहीतर हे लिहायला कोण बसलं असतं.

गेमचं नाव ‘बाल्डर्स गेट’. डिसेंबर १९९८ मध्ये आलेला. कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअर कंपनीने केलेला, आणि गंमत म्हणजे ही कंपनी काढणारे चक्क डॉक्टर होते. त्या काळी तो पाच सीडींवर यायचा. त्या पाच सीडी मी पाहिलेल्या आहेत, कारण त्या मीच जप्त करून कपाटात कपड्यांखाली ठेवल्या होत्या. पण ते पुढे सांगते.

हे डोक्यात आलं कुठून? आमचे चिरंजीव लांब राहतात. दर रविवारी फोन होतो. जेवलास का, हो. थंडी आहे का, आहे. बाबांचं बीपी, बरं आहे. चार मिनिटांत संपतो. तक्रार नाही, पण चार मिनिटं म्हणजे कुकरची शिट्टीसुद्धा धड होत नाही. एका रविवारी सहज विचारलं, “अरे, तू तो कुठला गेम खेळायचास, तलवारीबिलवारी असलेला?” पलीकडे जरा शांतता. मग म्हणाला, “बाल्डर्स गेट. का गं?” म्हटलं, “मला खेळायचाय.” तो इतका हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला.

आता जुन्या सीडी लावायला लॅपटॉपला खाचच नाही. पण २०१२ मध्ये याची नवी, सुधारित आवृत्ती निघाली आहे, ती त्याने लांबूनच माझ्या लॅपटॉपवर चढवून दिली. जाता जाता एकच सूचना केली, “आई, जादूगार घेऊ नकोस. योद्धा घे.”

मी अर्थातच जादूगार घेतला. आयुष्यभर पोळ्या लाटल्यावर तलवार कोण फिरवत बसणार!

सुरुवातीला आपलं पात्र घडवायचं असतं. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, छाप पाडण्याची हातोटी असे सहा गुण, आणि प्रत्येकाला फाशांवर ३ ते १८ आकडे. आवडले नाहीत तर बटण दाबून पुन्हा फासे टाकायचे. मी अर्धा तास फासेच टाकत होते. आपल्याला असं पुन्हा पुन्हा टाकून बघता आलं असतं तर, वगैरे विचार मनात आले. असो.

एवढं करून शेवटी माझ्या जादूगारणीला हिट पॉइंट मिळाले चार. हिट पॉइंट म्हणजे जीव. योद्ध्याला दहा आणि काटकपणाचे वर आणखी. मला चार. आणि मंत्र किती? दिवसाला एक! तो म्हटला की डोक्यातून पुसला जातो. मग आठ तास झोपायचं आणि पुन्हा पाठ करायचा. मला हसूच आलं. पाठ करा, पेपरात ओका आणि विसरा, ही आमची बोर्डाच्या परीक्षेचीच पद्धत. ही कल्पना जॅक व्हान्स नावाच्या लेखकाच्या कथांतून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ च्या फाशांच्या खेळात आली आणि तिथून या गेममध्ये.

गोष्ट सुरू होते कॅन्डलकीपमध्ये. समुद्रकाठच्या कड्यावरचं किल्ल्यासारखं वाचनालय. आत यायचं तर दुर्मीळ ग्रंथ भेट द्यावा लागतो, अशी तिथली रीत. तुम्ही तिथे वाढलेलं अनाथ मूल. गोरायन नावाच्या म्हाताऱ्या साधूने सांभाळलेलं. तो अचानक सांगतो, सामान घे, आजच निघायचंय. का, ते सांगत नाही. मग आपण आवारात फिरून लोकांची बारीकसारीक कामं करायची. कोठारातले उंदीर मारायचे, कुणाचं हरवलेलं पुस्तक गवतात शोधायचं, आजारी गाईला औषध आणून द्यायचं. मला फार घरगुती वाटलं. म्हटलं, हे तर आपण रोजच करतो. आणि तेवढ्यात त्या खोलीतला तो सुरीवाला.

पहिला धडा हा, की जागोजागी सेव्ह करा.

दुसरा धडा स्पेसबारचा. स्पेस दाबली की सगळं जग गोठतं. लांडगा उडी मारता मारता हवेत थांबतो. मग निवांत विचार करायचा, कुणी काय करायचं ते सांगायचं आणि पुन्हा स्पेस दाबायची. हे मला चार दिवस माहीतच नव्हतं! मी आपली लांडग्यामागे माउस घेऊन धावत होते.

तिसरा धडा आकड्यांचा. चिलखताचा आकडा जितका कमी तितका चांगला. उघड्या अंगाला दहा, आणि चांगलं चिलखत चढवलं की तो खाली खाली येतो. परीक्षेतल्या नंबरासारखं समजा, पहिला नंबर दहाव्यापेक्षा बरा. आणि ‘थॅको’ नावाची एक भानगड आहे. तुमच्या थॅकोतून समोरच्याच्या चिलखताचा आकडा वजा करायचा, आणि वीस बाजूंच्या फाशावर तेवढं किंवा त्याहून जास्त दान पडलं तर वार लागतो. माझा थॅको २०, समोरच्याचं चिलखत ७, म्हणजे मला १३ तरी पडायला हवेत. हे कळल्यावर आपला वार सारखा हुकतो यात नशिबाला बोल लावणं मी बंद केलं.

पुढे रात्रीच्या अंधारात वाटेवर एक चिलखतवाला राक्षसी माणूस आडवा येतो. गोरायन तुम्हाला पळ म्हणून सांगतो आणि स्वतः लढत तिथेच मरतो. तो आपल्यापासून काय लपवत होता, ते त्याने सांगितलेलंच नसतं. सकाळी इमोएन येते. त्याच वाचनालयात वाढलेली मैत्रीण, अखंड बडबडी, कुलपं उघडण्यात पटाईत. पुढे वाटेत एक विक्षिप्त जादूगार आणि त्याचा खुनशी बुटका जोडीदार भेटतात, आमच्याबरोबर चला म्हणतात. ओळख ना पाळख, मी नाही म्हटलं.

“रस्ता सोडू नकोस,” चिरंजिवांनी बजावलं होतं. “इकडेतिकडे जंगलात फिरू नकोस. सरळ फ्रेंडली आर्म इन गाठ.” गाठलं. धर्मशाळेच्या पायऱ्यांवर एक माणूस गोड बोलत पुढे आला, कुठून आलात वगैरे. मी खरं खरं सांगितलं. तो भाडोत्री मारेकरी जादूगार निघाला. एका मंत्राने त्याची चारपाच प्रतिबिंबं झाली, दुसऱ्याने आम्ही भिऊन सैरावैरा पळत सुटलो, आणि तिसऱ्याने माझे चार पॉइंट संपले.

सात वेळा मेले. सात!

त्या रविवारी फोनवर मीच आधी बोलले. “त्या पायऱ्यांवरच्या मेल्याचं काय करू?” आणि मग चिरंजीव जे सुटले! मंत्र म्हणायला वेळ लागतो, त्या वेळात बाण मार, दगड मार, काहीही मार, एक जरी लागला तरी मंत्र तुटतो. इमोएनला धनुष्य दिलंस का? लांब उभी राहा. दारावरच्या पहारेकऱ्यांना मदतीला येऊ दे. “सोपा मोड आहे, त्यात कुणी मरत नाही,” असंही म्हणाला. मी म्हटलं, त्याची गरज नाही. चाळीस मिनिटं झाली होती. ह्यांनी दोनदा खोलीत डोकावून पाहिलं, कुणी गेलं की काय म्हणून.

आठव्या खेपेला जमलं. आत जहीरा आणि खालिद भेटले, गोरायनचे जुने स्नेही. लग्नाला बरीच वर्षं झालेलं जोडपं. ती फटकळ, तो चाचरत बोलणारा. दोघंही मला आमच्या ओळखीतले वाटले. (कोण ते लिहीत नाही, नातेवाईक हे वाचतात. :-) ) आम्ही चौघं दक्षिणेला नॅशकेलच्या लोखंडाच्या खाणीकडे निघालो. मुलखात लोखंडाला काहीतरी रोग लागलाय, ऐन लढाईत तलवारी मोडतात. कारण शोधायचंय.

आणि इथे माझ्या हातून लॅपटॉपवर चहा सांडला.

दुरुस्तीला नेला. तिथल्या मुलाने विचारलं, “मावशी, डेटा महत्त्वाचा आहे का? नाहीतर सगळं पुसून नव्याने टाकतो, पटकन होईल.” माझ्या तोंडून पटकन निघालं, “नको नको, पुसू नकोस, माझा गेम आहे त्यात!” तो हसला. मीही हसले. आणि घरी येताना रिक्षात एकदम पोटात खड्डा पडला.

२००४ साली चिरंजीव बारावीला होते. जानेवारीत मी आमचा कॉम्प्युटर असाच पुसून घेतला होता. तो क्लासला गेला असताना, मुद्दाम. सीडी कपाटात टाकल्या. अभ्यास म्हणजे अभ्यास. तो घरी आला, त्याने पाहिलं, आणि काहीच बोलला नाही. भांडला असता तर मी उत्तर तयार ठेवलं होतं. तो जेवला आणि पुस्तक उघडून बसला. मार्क चांगले पडले. माझंच बरोबर होतं, असं मी पुढे कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगत आले. या घरातल्या लोकांनीही ते ऐकलंय.

मी पुसलं ते काय होतं, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं, गेम. पुन्हा टाकता येतो. माझी जेमतेम तीन आठवड्यांची जादूगारीण, एव्हाना तिचे हिट पॉइंट नऊ झाले होते, ती जाईल म्हणून मी दुकानात ओरडले. त्याने किती महिने घातले होते, मी कधी विचारलं नव्हतं.

रविवारी विचारलं. म्हणजे, आधी सांगितलं की चुकलं माझं. अभ्यासाचं नाही, न विचारता पुसलं, ते.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “शहराचा पूल उघडला होता आई. दुसऱ्या दिवशी आत जाणार होतो.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बाल्डर्स गेट हे शहराचं नाव आहे. अर्ध्याहून जास्त गोष्ट संपेपर्यंत तिथला पूल बंदच असतो. ज्या शहराचं नाव खोक्यावर लिहिलेलं, ते त्याने पाहिलंच नाही. “नंतर खेळलास की नाही?” म्हटलं. “नाही. दुसरा भागही नाही खेळलो. २०२३ मध्ये तिसरा आला, सगळं ऑफिस खेळत होतं. मी नाही.” मग लगेच विषय बदलून त्याने विचारलं, “खालिदला चांगलं चिलखत घेतलंस का?”

घेतलं रे बाबा.

लॅपटॉप परत आलाय, माझी चौकडी शाबूत आहे. खाणीत शिरलोय. आत कुत्र्यांसारखी तोंडं असलेली बुटकी माणसं अंधारातून बाण मारतात. मी स्पेस दाबते, चष्मा पुसते आणि विचार करते. घाई नाही. तो दिवाळीला येतोय, तोवर पुलापर्यंत पोचायचं असं ठरवलंय.

पुलाशी सेव्ह करून थांबणार आहे.