पाण्याची फोड

पंचमहाभूतांपैकीं एकास फोडतां येतें, हें युरोपांत १७८३ च्या सुमारास सिद्ध झालें. लाव्हाझिए यानें तापून लाल झालेल्या लोखंडी नळींतून वाफ सोडली. लोखंडानें प्राणवायु हिरावून घेतला आणि हायड्रोजन मोकळा झाला. पण त्यांत लोखंडाचें भस्म होई, म्हणजे दर खेपेस नवें लोखंड हवें. नुसत्या उष्णतेनें फोडूं म्हटलें, तर २,००० अंशांपलीकडची भट्टी पाहिजे. विजेचा मार्ग सर्वांस ठाऊकच आहे.

रसायनाचा खरा डाव निराळा. तो मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेंत प्रा. गणपती यादव व त्यांचे सहकारी यांनीं ओ. एन. जी. सी.च्या ऊर्जा केंद्राच्या साह्यानें मांडला. त्यांत तांबें आणि क्लोरिन मध्यस्थी करतात. तांब्याच्या क्लोराइडावर वाफ सोडावयाची, मग एका पायरीस प्राणवायु सोडवावयाचा, दुसरीस हायड्रोजन. थोडी वीज लागते. पण उष्णता ५५० अंशांच्या आसपास पुरते, आणि तांबें व क्लोरिन पुन्हा पूर्ववत् हातीं येतात. खर्ची पडतें तें केवळ पाणी. ज्या धातूच्या हंड्यांत आमच्या आज्यांनीं पाणी जपलें, तिलाच तें फोडावयास लावावें, याची आम्हांस गंमत वाटते.

हिंगोली जिल्ह्यांतील कुरुंदा येथें ही हकीकत आम्हीं एका ओसरीवर सांगितली. २०२२ च्या जुलैंत या गांवांत पुराचें पाणी घरोघर शिरलें होतें. चैत्रांत तेथल्याच विहिरी तळ दाखवितात. एका वृद्ध हळद-बागाइतदारानें विचारलें, "अन् फोडलेलं पाणी परत कुठं मिळतंय, मास्तर?"

आम्हीं हिशेब मांडला. ९ किलो पाण्यांतून १ किलो हायड्रोजन व ८ किलो प्राणवायु. हायड्रोजन जाळला कीं ९ किलो पाणी परत.

"पण जाळणार कुठं?"

हा प्रश्न रसायनाच्या तराजूंत बसत नाहीं. जानेवारी २०२३ मध्यें मान्य झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन योजनेचें उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षास ५० लक्ष टनांचें आहे. त्यास निदान ४.५ कोटी टन पाणी लागेल. देशाच्या मानानें हें फार नव्हे. आमचा ऊंस याहून कितीतरी अधिक पितो. परंतु पाणी उपसावयाचें एका गांवचें, आणि वाफ होऊन तें निघावयाचें दूरच्या कारखान्याच्या धुराड्यांतून! समुद्राचें पाणी गोडें करून त्यावरच हा उद्योग चालवावा, असें आमचें मत आम्हीं त्यांस सांगितलें. त्यांनीं मान डोलावली आणि ते विहिरीवरची मोटार सुरू करावयास उठले. वीज दहापर्यंतच होती.