शांघायला निघण्यापूर्वी

ह्वांगपू नदीने शांघायचे दोन भाग केले आहेत. पश्चिमेला जुने पुशी, पूर्वेला नवे पुडोंग. १९९० मध्ये पुडोंगच्या विकासाची घोषणा झाली, तेव्हा तेथे बरीचशी शेती होती. आज तेथेच ६३२ मीटर उंचीचा शांघाय टॉवर उभा आहे. संध्याकाळी पुशीच्या बाजूच्या ‘बंड’ या नदीकाठावरून पलीकडची रोषणाई पाहायला पैसे पडत नाहीत. बंडवरच हिरव्या, निमुळत्या छपराचे जुने सॅसून हाऊस आहे. मुंबईचा ससून डॉक आणि पुण्याचे ससून रुग्णालय ज्या घराण्याच्या नावाने ओळखले जाते, त्याच घराण्यातील व्हिक्टर ससून यांनी ते १९२९ मध्ये बांधले. भारतातून चीनला जाणाऱ्या अफू आणि कापसाच्या व्यापारावर हे घराणे गबर झाले होते.

असे हे भव्य शहर. पण नवखा पर्यटक तेथे अडतो तो अगदी साध्या गोष्टींत: पैसे, भाषा आणि जेवण. या तिन्हींची तयारी घरूनच करून निघावे.

घरूनच करायची कामे

व्हिसा आधी काढावा लागतो. २०२० मध्ये बंद पडलेली भारत-चीन थेट विमानसेवा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आहे. एप्रिल आणि नोव्हेंबर हे महिने सुखद. १ ऑक्टोबरनंतरचा सुट्टीचा आठवडा आणि चिनी नववर्ष मात्र टाळावे. तेव्हा सारा देशच प्रवासाला निघालेला असतो.

तेथे फळवाल्यापासून टॅक्सीपर्यंत सगळे व्यवहार फोनवरून होतात. अलीपे किंवा वीचॅट घरीच फोनवर घेऊन त्याला आपले कार्ड जोडावे. थोडे रोख युआनही जवळ असावेत. हॉटेलच्या वायफायवर गूगल आणि व्हॉट्सअॅप चालत नाहीत. म्हणून भारतीय सिमकार्डावर रोमिंग घ्यावे आणि ‘निरोप यायला उशीर झाला तर घाबरू नका,’ असे घरच्यांना सांगून ठेवावे.

हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत लिहिलेला कागद प्रत्येकाच्या खिशात हवा. टॅक्सीवाल्याला इंग्रजी येईलच असे नाही. मेट्रोत मात्र पाट्या इंग्रजीतही असतात.

शाकाहारी मंडळींनी ‘मांस नको’ एवढेच सांगून भागत नाही. भाजीतही चरबी किंवा मांसाचा रस्सा असू शकतो. काय काय चालत नाही, ते सारे चिनीत लिहून घ्यावे. जेड बुद्ध मंदिरात शाकाहारी जेवण मिळते. तरीही दशम्या आणि चिवडा सोबत असलेला बरा.

काय पाहाल?

विमानतळावरून चुंबकीय रेल्वे सुमारे ३० किलोमीटरचे अंतर आठ मिनिटांत कापते. पण ती शहराच्या मध्यापर्यंत जात नाही, पुढे मेट्रो घ्यावी लागते. सोळाव्या शतकातील यू उद्यानासाठी एक सकाळ राखून ठेवावी. आणि नदी ओलांडायची ती रोज कामावर जाणाऱ्यांच्या साध्या फेरीबोटीने. अवघ्या दोन युआनांत जुने आणि नवे शांघाय एकाच वेळी दिसते, तेही तेथल्या माणसांच्या सोबतीने.